वाचक विचारतात : बियाफ्राचं युद्ध नक्की कुठल्या तारखेपासून मोजायचं?

प्रश्न : चिमामांडा अदिचींची 'हाफ ऑफ अ यलो सन' वाचली आणि झोपच उडाली. मग त्याच युद्धावरचं ओबासान्जोंचं 'माय कमांड' हातात आलं तर वाटलं हे कुठल्यातरी दुसऱ्याच देशातलं युद्ध आहे. कादंबरीत माणसं उपासमारीने मरतायत आणि जनरलसाहेबांच्या पुस्तकात नुसत्या तुकड्या, रस्ते, दारूगोळा. खरं कोणाचं धरायचं?

उत्तर : दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि हे मी कुणाला नाराज करायचं नाही म्हणून गुळमुळीत बोलत नाहीये. नायजेरियाचं यादवी युद्ध, म्हणजे पूर्व प्रांत बियाफ्रा या नावाने वेगळा झाला आणि केंद्र त्याच्याशी लढलं ते, ६ जुलै १९६७ ते १५ जानेवारी १९७० एवढंच चाललं, अडीच वर्षं, पण त्यावर लिहिणाऱ्यांची गोष्ट कुठून सुरू होते ते आधी बघा. माझा अनुभव असा की पुस्तकातली पहिली महत्त्वाची तारीख कळली की शेवटी दोष कुणावर जाणार हे साधारण कळतंच.

समजा गोष्ट १५ जानेवारी १९६६ पासून सुरू झाली. त्या रात्री काही तरुण मेजरांनी बंड केलं, पंतप्रधान अबुबकर तफावा बलेवा, उत्तरेचे प्रीमियर (प्रांताचे मुख्यमंत्री म्हणा) अहमदु बेलो, पश्चिमेचे अकिंतोला मारले गेले. मेजरांपैकी बहुतेक इग्बो, म्हणजे पूर्वेतल्या सगळ्यात मोठ्या समाजाचे, आणि पूर्वेचे व मिडवेस्ट या चौथ्या प्रांताचे प्रीमियर, दोघेही इग्बो, ते वाचले. इथून मोजलं की गोष्ट अशी होते की सुरुवात त्यांनी केली, पुढचं सगळं त्याची प्रतिक्रिया. उत्तरेतल्या बऱ्याच घरांत हीच गोष्ट सांगितली जाते.

आता तीच गोष्ट १९६६ च्या सप्टेंबरपासून सुरू करा. उत्तरेतल्या शहरांत इग्बो आणि पूर्वेकडच्या इतर लोकांच्या कत्तली झाल्या, दहा लाखांहून जास्त माणसं मिळेल त्या गाडीने पूर्वेला पळून आली, कुणाचा नवरा नाही, कुणाचा हात नाही. इथून मोजलं की प्रश्नच बदलतो : जे सरकार तुम्हाला जिवंत ठेवू शकत नाही त्याच्याबरोबर का राहायचं?

तिसरे लोक ३० मे १९६७ ला सुरू करतात, पूर्वेचे लष्करी गव्हर्नर ओजुक्वू यांनी बियाफ्रा स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं तो दिवस, म्हणजे फुटीर बंड आणि देश एक ठेवायची लढाई. पण हे लोक तीन दिवस मागे जायचं टाळतात. २७ मे ला केंद्रातल्या लष्करी सरकारचे प्रमुख गोवोन यांनी चार प्रांतांची बारा राज्यं केली, त्यात पूर्वेचे तीन तुकडे झाले आणि इग्बोंचं राज्य समुद्रापासून आणि बऱ्याचशा तेलापासून तुटलं. आता ही राज्यं फुटू नयेत म्हणून केली की ती केली म्हणून ते फुटले, यावर आजही दोन नायजेरियन माणसं तासभर भांडू शकतात.

आणि पश्चिमेतले योरुबा लेखक पुष्कळदा ९ ऑगस्ट १९६७ काढतात. त्या दिवशी बियाफ्राचं सैन्य नायजर नदी ओलांडून मिडवेस्टमध्ये घुसलं, बेनिन शहर घेतलं आणि पुढे ओरेपर्यंत आलं. ज्यांना स्वतःचं घर वाचवायचं होतं ते दुसऱ्याच्या घरात का शिरले, हा त्यांचा सवाल, आणि तो काही वावगा नाही.

ओबासान्जोंचं पुस्तक १९८० चं, ते शेवटी शरणागती घेणारे केंद्राच्या सैन्याचे कमांडर. त्यांनी भूक बघितली नसेल असं नाही, पण त्या पुस्तकाचा हिशोब वेगळा आहे.

प्रश्न : पण कागदपत्रं असतील ना? बैठकांची इतिवृत्तं, रेकॉर्डिंग वगैरे. आठवणींवर कशाला जायचं?

उत्तर : घ्या, आबुरीचंच बघा. ४ आणि ५ जानेवारी १९६७ ला घानातल्या आबुरी गावी गोवोन, ओजुक्वू आणि बाकीचे लष्करी गव्हर्नर भेटले. बैठक रेकॉर्ड झालेली, कोण काय बोललं त्याचा शब्द न् शब्द आहे, दोन्ही बाजूंनी ती छापलीसुद्धा, आणि तरी नक्की ठरलं काय यावर एकमत नाही! ओजुक्वू तयारीनिशी आले होते, मुद्दे लिहून वगैरे, बाकीचे बऱ्यापैकी 'भाऊभाऊ आहोत, मिटवून टाकू' या मूडमध्ये. प्रांतांना भरपूर अधिकार द्यायचे असं ठरलं, मग तेव्हाच्या राजधानीत, लागोसला परत आल्यावर केंद्रातल्या बड्या अधिकाऱ्यांनी सांगितलं की अहो याने केंद्र उरतच नाही. मार्चमध्ये डिक्री ८, म्हणजे लष्करी सरकारचा हुकूम, निघाली, तिच्यात आबुरीतलं बरंचसं होतं, पण आणीबाणीत एखाद्या प्रांतावर कारवाई करायची वाट केंद्राने उघडी ठेवली होती. ओजुक्वूंनी ती नाकारली. पूर्वेत 'ऑन आबुरी वी स्टँड' ही घोषणाच झाली. म्हणजे रेकॉर्डिंग असूनसुद्धा भांडण राहिलंच, कारण बोललेलं वाक्य एकच असलं तरी त्यातून आपल्याला काय वचन मिळालं हे ज्याने त्याने आपलं आपण ठरवलं.

याच्या बरोब्बर उलट असाबा. नायजरच्या काठावरचं गाव, इग्बो बोलणारं पण बियाफ्रात नसलेलं, ते मिडवेस्टमध्ये. ऑक्टोबर १९६७ मध्ये केंद्राचं सैन्य आलं तेव्हा लोक पांढरे कपडे घालून 'वन नायजेरिया' म्हणत, नाचत स्वागताला निघाले. सैनिकांनी पुरुष आणि मोठी मुलं वेगळी काढली आणि गोळ्या घातल्या, शेकडो माणसं. गावाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कुणाच्या घरचे किती गेले सगळं तोंडपाठ, पण राष्ट्रीय इतिहासात कितीतरी वर्षं त्याची ओळसुद्धा नाही. पुढे गोवोननी माफी मागितली आणि दोन संशोधकांनी, बर्ड आणि ओटानेली यांनी, वाचलेल्यांशी बोलून २०१७ मध्ये पुस्तक काढलं, तेव्हा कुठे ते नीट कागदावर आलं. तेव्हा इथे आठवणींवर जायला नको म्हटलं तर असाबा घडलंच नाही असं होईल.

प्रश्न : मेले किती? कुठे पाच लाख वाचतो, कुठे तीस लाख.

उत्तर : मोजलेच नाहीत. मोजायला आधीची खात्रीची संख्या लागते आणि १९६३ ची जनगणनाच वादात सापडलेली. त्यात मेलेले बहुतेक गोळीने नाही तर भुकेने आणि क्वाशिओरकरने, म्हणजे प्रोटीन न मिळाल्याने पोट फुगून मरणारी पोरं, त्यांची नोंद कोण ठेवणार. आकडा दिसला की मी एवढंच बघतो की त्यात १९६६ च्या कत्तली धरल्यात का, मिडवेस्ट धरलंय का, युद्ध संपल्यानंतरच्या महिन्यांत गेलेले धरलेत का. हे न सांगता ठोक आकडा फेकणाऱ्यावर, मग तो कुठल्याही बाजूचा असो, माझा विश्वास बसत नाही.

प्रश्न : अचेबेंनी अवोलोवोंवर उपासमारीचा आरोप केला तो खरा का? माझा एक योरुबा सहकारी अचेबेंचं नाव काढलं तरी भडकतो.

उत्तर : भडकणारच! इग्बो लेखक चिनुआ अचेबेंचं 'देअर वॉज अ कंट्री' २०१२ मध्ये आलं आणि पुढच्या मार्चमध्ये ते गेले, म्हणजे जवळपास शेवटचंच बोलणं. त्यात गोवोन आणि त्यांचे अर्थखातं सांभाळणारे ओबाफेमी अवोलोवो यांनी इग्बोंना उपाशी मारण्याचं धोरण राबवलं असा थेट आरोप आहे. अवोलोवो म्हणजे पश्चिमेतल्या कित्येकांचं दैवत, मोफत प्राथमिक शिक्षण आणणारा माणूस. त्यामुळे वाद अचेबेंच्या पुस्तकावर कमी आणि आपल्या बापावर बोललात यावर जास्त झाला.

नाकेबंदी होती, यात वाद नाहीच. उपासमार हे युद्धातलं हत्यार आहे असं केंद्राकडून उघड बोललं गेलं होतं, आणि अवोलोवोंनी १९८३ मध्ये स्वतःच आपली बाजू मांडली की अन्न पाठवलं तर ते सैनिक खातात, पोरांपर्यंत जातच नाही, म्हणून थांबवलं. पण दुसरी बाजूही आहे ती इग्बो आठवणींत जरा दबून येते. केंद्राने जमिनीवरून, दिवसाढवळ्या तपासणी करून मदत न्यायचा पर्याय ठेवला होता, तो ओजुक्वूंनी मानला नाही, अन्नात विष घालतील, रस्ता उघडला की मागून रणगाडे येतील ही भीती. शिवाय बियाफ्रातल्या उलीच्या धावपट्टीवर रात्री मदतीची विमानं उतरायची त्याच अंधारात शस्त्रांचीही उतरायची, दिवसाची विमानं मान्य केली असती तर शस्त्रांची विमानं त्यांच्याआड लपली नसती. आणि केंद्राचा धाक तरी किती, जून १९६९ मध्ये त्यांनी रेडक्रॉसचं विमान पाडलं. माझं मत विचाराल तर नाकेबंदीची जबाबदारी केंद्राचीच, ती ओजुक्वूंच्या हट्टाने पुसली जात नाही. पण हट्टाचा हिशोब ज्या पुस्तकात अजिबातच नाही ते पुस्तक अर्धं आहे, आणि अचेबे त्या बाबतीत ओजुक्वूंना फारच सांभाळून घेतात.

तुमच्या सहकाऱ्याशी बोलायचंच असेल तर वीस पौंडांचं विचारा. युद्ध संपल्यावर बियाफ्राच्या काळात ज्यांनी बँक खाती वापरली होती त्यांना, शिल्लक कितीही असो, सरसकट वीस पौंड दिले गेले. समर्थक सांगतात की बँकांची वह्यापुस्तकं उद्ध्वस्त झालेली, मधे बियाफ्राचं वेगळं चलन घुसलेलं, दुसरं करणार काय. असेलही. पण १९७२ मध्ये परदेशी कंपन्यांचे हिस्से नायजेरियन लोकांना विकायचा हुकूम निघाला तेव्हा ज्यांच्याकडे वीसच पौंड होते ते काय विकत घेणार होते? गोवोन म्हणाले होते 'ना कुणी विजेता, ना कुणी पराजित', आणि बदल्यासाठी सामूहिक कत्तल झाली नाही हे खरंच मोठं आहे, ते त्यांच्या पदरात घालायलाच हवं. पण इग्बो घरांत आजही ते वाक्य नाही तर ते वीस पौंड आठवतात.

प्रश्न : बियाफ्रा म्हणजे इग्बो असं धरून चाललं तर चुकेल का?

उत्तर : चुकेल, आणि सगळ्यात मोठी चूक हीच. पूर्व प्रांतात इजॉ, इबिबिओ, एफिक, ओगोनी, इक्वेरे असे कितीतरी लोक होते, आणि तेल जास्त करून त्यांच्याच जमिनीखाली. इजॉ तरुण आयझॅक बोरो यांनी फेब्रुवारी १९६६ मध्येच नायजर डेल्टा स्वतंत्र म्हणून जाहीर केला होता, बियाफ्राच्या सव्वा वर्ष आधी, बारा दिवसांत तो मोडला. हाच माणूस पुढे केंद्राच्या बाजूने लढला आणि १९६८ मध्ये मेला. ओगोनी लेखक केन सारो-विवा केंद्राकडे गेले, बोनी बंदराचे प्रशासक झाले, त्यांच्या लेखी बियाफ्रा म्हणजे आणखी एक मालक. इक्वेरे लेखक एलेची अमादी यांना बियाफ्राने कोंडून ठेवलं होतं, त्यांचं 'सनसेट इन बियाफ्रा' वाचा म्हणजे कळेल की 'साबो', म्हणजे घरभेदी, हा शिक्का तिथे किती सहज बसायचा. दुसरीकडे शरणागती ज्यांनी दिली ते फिलिप एफिओंग इबिबिओ, इग्बो नव्हेत. ओजुक्वू आयव्हरी कोस्टला निघून गेल्यावर निस्तरायला मागे हा माणूस राहिला. याला कुठल्या रकान्यात टाकणार?

प्रश्न : सेनाधिकाऱ्यांच्या आठवणींवर कितपत विश्वास ठेवावा?

उत्तर : एकट्यावर ठेवू नका, दोघांना समोरासमोर बसवा. ओबासान्जोंना त्यांच्याच डिव्हिजनमधल्या अलाबी-इसामांनी २०१३ मध्ये जाडजूड पुस्तक लिहून, फोटो नकाशे लावून खोडून काढलंय, आणि हे दोघं एकाच बाजूचे बरं का! बियाफ्राचे सेनाप्रमुख मादिएबो यांचं पुस्तक शत्रूपेक्षा स्वतःच्याच लोकांवर जास्त नाराज आहे, म्हणून मला ते आवडतं. जानेवारीच्या बंडातले आदेमोयेगा स्वतः योरुबा, ते ठासून सांगतात की हे इग्बोंचं बंड नव्हतंच, आणि २०२५ मध्ये उत्तरेकडचे माजी लष्करी शासक बाबांगिडा यांनीही आत्मचरित्रात तेच म्हटलं. एकोणसाठ वर्षांनी. इग्बो लोकांची प्रतिक्रिया काय असेल कल्पना करा, हे तेव्हाच बोलला असतात तर.

प्रश्न : तिथल्या शाळेत हे शिकवतात का?

उत्तर : मधली काही वर्षं इतिहास हा वेगळा विषयच काढून टाकला होता, नंतर परत आणला. अदिचींच्या कादंबरीवरचा सिनेमाही २०१४ मध्ये सेन्सॉर बोर्डाने लटकवला होता. त्यामुळे पोरं घरी जे ऐकतात तेच, आणि घर कुठल्या भागात त्यावर गोष्ट ठरते. आज बियाफ्राचा झेंडा घेऊन फिरणाऱ्यांतले बहुतेक जण युद्धानंतर जन्मलेले आहेत.

प्रश्न : वाचायला सुरुवात कशाने करू? फोर्साइथचं 'बियाफ्रा स्टोरी' सगळे सांगतात.

उत्तर : फ्रेडरिक फोर्साइथ बीबीसीचे वार्ताहर म्हणून गेले, मग ती नोकरी सोडून परत बियाफ्रात गेले, ओजुक्वूंचे दोस्त झाले आणि पुस्तक १९६९ मध्ये काढलं, लढाई चालू असतानाच. वाचायला भन्नाट आहे, पण ते वकिलाचं भाषण आहे, साक्ष नाही. आधी दोन्ही बाजूंना फिरलेल्या जॉन द सेंट जोरे या पत्रकाराचं १९७२ चं पुस्तक घ्या, मग अमादी, मग फ्लोरा न्वापांची 'नेव्हर अगेन', ती छोटीशी आहे आणि बायकांनी युद्धाच्या बढाया कशा ऐकल्या ते त्यात आहे. मग अचेबे आणि अलाबी-इसामा कुठल्याही क्रमाने. फोर्साइथ त्यानंतर.