नागपुरात रोजच्या फोटोंसाठी पहिला फिल्म कॅमेरा आणि रोल कोणता घ्यावा?

३५ एमएमचा (ही रोलची रुंदी) साधा फिक्स्ड-फोकस, म्हणजे फोकस जुळवावा न लागणारा कॅमेरा घ्या. याशिका एमएफ-२, कोडॅक केबी१० असे कॅमेरे जुन्या वस्तूंच्या बाजारात असतात. घरच्या कपाटात एखादा पडला असेल तर आधी तोच बघा. सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरा थर साचला असेल तर सोडून द्या. मागचं झाकण उघडून कडेच्या काळ्या फोमला नख लावा. चिकट लागला तर आत उजेड शिरून फोटोवर पट्टे येतील.

रोल २०० आयएसओचा रंगीत निगेटिव्ह (आकडा मोठा तितका रोल कमी उजेडात चालतो), कोडॅक गोल्ड किंवा कलरप्लस. फुटाळा तलावावरची संध्याकाळ नाहीतर सीताबर्डीच्या गल्ल्या टिपायच्या तर ४००. निगेटिव्ह जास्तीचा उजेड सोसतो, कमी पडलेला नाही, म्हणून सावलीतही फ्लॅश लावा. माणसापासून दीड मीटर तरी लांब राहा, फिक्स्ड-फोकसवर जवळचं धूसर येतं.

खरी काळजी आपल्या उन्हाची. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपासही जातो. लेकीच्या वाढदिवसाचा रोल मी गाडीच्या डिक्कीत विसरलो, सगळे रंग उतरले. अजून हळहळ वाटते. कोरे रोल फ्रिजमध्ये ठेवा, पण बाहेर काढल्यावर दोन तास डबी उघडू नका, आत दव धरतं. भरलेला रोल लगेच धुवायला द्या.