आईला फ्लूची लस दिली होती, तरी ताप आला. मग दरवर्षी कशाला घ्यायची?

तुमच्या आईंचं वय ६७, मधुमेह आहे. गेल्या नोव्हेंबरात लस दिली आणि यंदा ऑगस्टमध्ये त्या तापाने आडव्या झाल्या, तपासणी काही केली नव्हती. आता डॉक्टर म्हणतात पुन्हा घ्या आणि शेजारच्या काकू म्हणतात लशीनेच फ्लू होतो. मी पुण्यात फॅमिली डॉक्टर आहे. पावसाळ्यात हे सगळं रोज ऐकतो.

काकूंचं आधी निकालात काढू. दंडात देतात त्या लशीत जिवंत विषाणू नसतोच. तिने फ्लू होणं शक्य नाही. दंड ठणकतो, एखादा दिवस कणकण वाटते, बस.

माझ्या मते घोळ आहे तो नोव्हेंबरचा. अमेरिका-युरोपात फ्लू हिवाळ्यातला आजार, म्हणून तिथे ऑक्टोबरच्या आसपास लस घेतात, आणि नेटवरचा बहुतेक सल्ला तिकडचाच असतो. आपल्याकडे महाराष्ट्रात जानेवारी ते मार्च एक लाट येते आणि दुसरी ऐन पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. लशीचा जोर काही महिन्यांत ओसरत जातो. ऑगस्ट उजाडेपर्यंत आईंच्या लशीला नऊ महिने होऊन गेले होते! एप्रिल-मे गाठा. लस घेतल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे पहिला पाऊस पडेपर्यंत काम झालेलं असतं.

घेताना खोका हातात घेऊन वाचा. लशीत विषाणूचे कोणते प्रकार घालायचे हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा सुचवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. खोक्यावर गोलार्ध आणि साल छापलेलं असतं, खाली एच१एन१, एच३एन२ आणि बी अशी नावं. आपण उत्तर गोलार्धात असलो तरी एप्रिल-मेमध्ये दक्षिण गोलार्धाची, त्याच सालची मागा, तेव्हा तीच ताजी असते. मेडिकलमधून आणून दवाखान्यात टोचून घेणार असाल तर बर्फाच्या पाकिटासोबत आणा, पण बर्फाला चिकटवून नको. ती २ ते ८ अंशांत राहायला हवी आणि गोठली तर वाया गेली.

दरवर्षी का, तर विषाणू रूप बदलत राहतो, त्यात एच३एन२ तर भलताच चंचल. पण ते एकच कारण नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीतला कॅलिफोर्नियाचा एच१एन१ २०१६ पर्यंत लशीत जसाच्या तसा होता, तरी डोस दरवर्षीच होता, कारण अंगातली अँटिबॉडी टिकत नाही. त्याच साथीत ऑगस्ट २००९ मध्ये देशातला पहिला बळी पुण्यात गेला आणि अख्खं शहर तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं. तो ‘स्वाइन फ्लू’ आता दरवर्षीच्या फ्लूतलाच एक झालाय, त्यामुळे ‘साधा की स्वाइन’ यावर डोकं शिणवू नका.

लस जुळली त्या वर्षीसुद्धा ती डॉक्टरकडे जावं लागेल इतका फ्लू ४० ते ६० टक्केच टाळते. आकडा ऐकून लोकांचं तोंड उतरतं. पण मधुमेही माणसाला फ्लू झाला की साखर बेफाम चढू शकते, न्यूमोनिया होऊन आयसीयू गाठावं लागू शकतं. आईंना लस द्यायची ती हे टाळायला, शिंका थांबवायला नव्हे.

आणि ऑगस्टातला तो ताप फ्लूच होता कशावरून? त्या दिवसांत डेंग्यूही असतो. सर्दीवाला पेशंट स्वतः चालत येतो, फ्लूवाल्याला घरचे धरून आणतात. ‘काल दुपारी चारला थंडी वाजून आली’ असं वेळेसकट सांगतो, अंग ठेचल्यासारखं दुखतं, कोरडा खोकला असतो. पुढच्या वेळी असं झालं तर वाट बघू नका. ऑसेल्टामिवीर ही फ्लूच्या विषाणूवरची गोळी पहिल्या ४८ तासांत दिली तर सगळ्यात जास्त उपयोगी पडते आणि अँटिबायोटिकचा फ्लूवर काडीचा उपयोग नाही. धाप लागली, बोलण्यात असंबद्धपणा आला किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर थेट हॉस्पिटल.

घरात नातवंडं असतील तर त्यांनाही द्या, सहा महिन्यांपुढे देता येते. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच मूल विषाणू पसरवत असतं, आणि झोपतं ते नेमकं आजीच्या कुशीत.