काचबिंदू ‘पिकत’ नाही

कळव्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे: ‘सासूबाईंना डॉक्टरांनी काचबिंदू सांगितलाय. शेजारच्या भाभी म्हणाल्या, ये तो काला मोतिया है. सासूबाईंचं म्हणणं, मोतीबिंदूच ना, पिकू दे, दिवाळीनंतर काढू. हे दोन्ही एकच का? की काचबिंदू हा मोतीबिंदूचा पुढचा टप्पा?’

ताई, दिवाळीपर्यंत थांबू नका, हे आधी. शब्दांचं मागाहून बोलू.

मोतीबिंदू हे नाव चोख बसलंय. डोळ्यातलं पारदर्शक भिंग वयानं गढूळ होतं आणि अगदी वाढलं की बाहुलीत मोत्यासारखा पांढुरका ठिपका दिसतो. फारसीत याला ‘आब-ए-मरवारीद’ म्हणतात, म्हणजे मोत्याचं पाणी. ‘पिकणं’ हे क्रियापद याच आजाराचं. पूर्वीच्या शस्त्रक्रियेला भिंग पुरतं पांढरं झालेलं सोयीचं पडे, म्हणून डॉक्टरच ‘पिकू द्या’ म्हणत. आता ‘फेको’ नावाच्या शस्त्रक्रियेत ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून तो बारीकशा छेदातून ओढून घेतात आणि कृत्रिम भिंग बसवतात. फार पिकलेला मोतीबिंदू उलट जास्त त्रास देतो. पण भाषा डॉक्टरांच्या मागून, रमतगमत येते. ठाण्यात तलावपाळीला सकाळच्या फेरीत अजून कानावर पडतं, ‘माझा डावा पिकलाय, उजवा कच्चा आहे.’ जणू अढीतले आंबेच!

काचबिंदूत बिघाड भिंगाचा नसतोच. डोळ्याच्या पुढच्या भागात सतत एक पाणी तयार होतं (अश्रू नव्हेत, हे आतलं) आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या चाळणीतून त्याचा निचरा होतो. तुम्ही कळव्याच्या, तुम्हाला वेगळं सांगायला नको: ऐन पावसात खाडीला भरती असली की नाल्याचं पाणी उतरत नाही आणि गल्लीत साचतं. डोळ्यात निचरा अडला की दाब वाढतो. निरोगी डोळ्यात तो साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. वाढलेल्या दाबानं डोळ्यामागची नस हळूहळू सुकते. काहींची नस तर दाब या मर्यादेत असूनही सुकते. नजर कडेकडून जाते, मधली बराच काळ शाबूत राहते, त्यामुळे माणूस पेपर वाचतो, टीव्ही पाहतो आणि त्याला पत्ताच लागत नाही. मोतीबिंदू काढला की दिसायला लागतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

मग ‘काच’ कुठून आली? इथे गंमत आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या जुन्या आयुर्वेदग्रंथात तिमिर, काच आणि लिंगनाश अशा दृष्टिरोगाच्या चढत्या पायऱ्या आहेत, आणि लिंगनाश म्हणजे साधारणपणे आपला मोतीबिंदू. म्हणजे जुन्या शास्त्रात ‘काच’ मोतीबिंदूच्या अलीकडे, तुमच्या प्रश्नात पलीकडे, आणि आजच्या अर्थानं त्या वाटेवरच नाही. जुना शब्द नव्या रोगाला चिकटला. काचबिंदूच्या इंग्रजी नावाचं, ग्लॉकोमाचंही तसंच. मुळात ग्रीक ‘ग्लाउकोस’ म्हणजे निळसर-हिरवट, करडा रंग. युरोपातल्या वैद्यांचाही या दोन रोगांत शतकानुशतकं घोळ होता. गढूळ झालेलं भिंग म्हणजेच मोतीबिंदू, हे फ्रान्समध्ये १७०५च्या सुमारास दाखवून दिलं गेलं. तेव्हा सासूबाईंना हसायचं काम नाही.

माझा खरा राग ‘काला मोतिया’वर आहे. फारसीत काचबिंदूला ‘आब-ए-सियाह’, काळं पाणी, म्हणतात. तिथे निदान मोती तरी नाही. हिंदीतला ‘मोतिया’ ऐकला की ऐकणारा ‘काढून टाकू’ म्हणून मोकळा होतो. आपल्या ‘बिंदू’नंही तेच केलंय. त्यातून बिंदू म्हणजे थेंब! मोतीबिंदू थेंबांनी जात नाही, आणि काचबिंदूवाल्याला बहुधा रोज, जन्मभर थेंब घालावे लागतात.

दोघांची गाठ पडतच नाही असं मात्र नाही. जास्त पिकलेला मोतीबिंदू फुगून तो निचराच अडवू शकतो. मग डोळा लाल होतो, ठणकतो, दिव्याभोवती कडी दिसतात, उलट्याही होतात. असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. ‘पुढचा टप्पा’ ही समजूत अशाच एखाद्या रुग्णाला पाहून रुजली असेल, असा माझा अंदाज.

घरात समजावताना नामापेक्षा क्रियापद बदलून पाहा. मोतीबिंदू ‘काढतात’, काचबिंदू ‘आटोक्यात ठेवतात’. लेझर किंवा शस्त्रक्रिया करतात तीसुद्धा दाब उतरवायला, काही काढून टाकायला नव्हे. आणि हा आजार घराण्यात चालतो, तेव्हा सासूबाईंसोबत तुमच्या यजमानांनाही न्या. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे झालं असं समजू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाब मोजायला आणि नस बघायला सांगा.