क्रेडिट कार्डाच्या कर्जाला कार्ड देणारी बँकही जबाबदार असते का?

हो, बऱ्यापैकी. खर्च आपणच करतो, पण कर्जाचा सापळा बँकेने रचलेला असतो.

बिलावरची ‘किमान देय रक्कम’ बघा. समजा थकबाकी 60,000 रुपये आणि किमान भरणा 5 टक्के, म्हणजे 3,000. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज 2,100, त्यावर 18 टक्के जीएसटी 378. म्हणजे मुद्दल फिटलं जेमतेम 522! माझा धाकटा भाऊ दोन वर्षं एवढंच भरत होता आणि कर्ज उतरतंय असं समजत होता. कार्ड गळ्यात मारणाऱ्याने हा हिशेब त्याला कधी सांगितलाच नाही. याचा मला आजही राग येतो.

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार न मागता कार्ड देता येत नाही, संमतीशिवाय लिमिट वाढवता येत नाही. व्याजाला मात्र लगाम नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये घातलेली वार्षिक 30 टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केली.

तुम्ही स्वतः अडकला असाल तर कार्ड आजच बाजूला ठेवा आणि थकबाकी कमी व्याजाच्या कर्जात वळवा. वसुलीवाले संध्याकाळी सातनंतर फोन करत असतील तर बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.