पुरात भिजलेला माल: ४४एडी सोडून तोटा दाखवावा का?

प्रश्न: माढा तालुक्यात सीनाकाठी माझं कृषी सेवा केंद्र आहे. सप्टेंबर २०२५ च्या पुरात दुकानातल्या १० लाखांच्या मालापैकी ६ लाखांचा भिजून वाया गेला: खत ३ लाख, कीटकनाशकं २ लाख, बियाणं १ लाख (जीएसटी सोडून). विमा ६ लाखांचा होता, मंजुरी ३ लाख ४२ हजारांची आली. सरकारी मदत ५० हजार मिळाली. वर्षाची विक्री ९० लाख, त्यातली ६० लाख बँकेतून. दरवर्षी आयकराच्या कलम ४४एडीखाली (विक्रीच्या ठरावीक टक्के नफा धरून) रिटर्न भरतो. यंदा त्यातून बाहेर पडून ६ लाखांचा तोटा दाखवला तर तो ८ वर्षं पुढे ओढता येईल, असं ओळखीचे सांगतात. काय करू?

उत्तर: ४४एडी सोडू नका. आधी आकडे मांडू. बँकेतून आलेल्या ६० लाखांवर ६ टक्के म्हणजे ३.६ लाख, रोखीच्या ३० लाखांवर ८ टक्के म्हणजे २.४ लाख, एकूण ६ लाख. विम्याची रक्कम सावधगिरी म्हणून वेगळी धरली तरी साडेनऊ लाखांच्या आत. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७ए ची करसूट असल्याने कर शून्य. ५० हजारांची मदत कलम १०(१०बीसी) खाली करमुक्त आहे.

आता बाहेर पडलात तर? खर्च वजा जाता तुमचा नेहमीचा नफा ५ लाख धरू. त्यातून ६ लाखांचा माल गेला, पण विम्याचे ३.४२ लाख जमेला येतात. मालाचं नुकसान खर्चात टाकलं की त्यापुरती सरकारी मदतही करमुक्त राहत नाही. हिशेब केलात तर उत्पन्न अडीच-तीन लाख उरतं. म्हणजे पुढे ओढायला तोटाच नाही! आणि किंमत मात्र मोठी: पुढची ५ वर्षं ४४एडी बंद, पूर्ण वह्या ठेवायच्या, आणि ज्या वर्षी उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेवर (१२ लाखांच्या सुटीवर नव्हे) जाईल त्या वर्षी ऑडिट. व्याज, भाडं वगैरे धरून तुमचं उत्पन्न १२ लाखांवर जात असेल तरच हा विचार पुन्हा करावा.

खरा फटका जीएसटीचा आहे आणि त्याकडे कुणी लक्ष देत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) नुसार नष्ट झालेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची घेतलेली वजावट) परत करावं लागतं. खतावर ५ टक्क्यांनी १५ हजार, कीटकनाशकांवर १८ टक्क्यांनी ३६ हजार. बियाण्याला जीएसटी नाही. एकूण ५१ हजार. अजून परत केले नसतील तर येत्या जीएसटीआर-३बी या विवरणपत्रात तक्ता ४(बी)(१) मध्ये दाखवा. क्रेडिट वापरून झालं असेल तर १८ टक्के व्याज चढत असतं. वाया गेलेल्या मालाची यादी बिल नंबर आणि लॉट नंबरसकट करा. पंचनामा, फोटो त्याच फाइलला लावा. पॉस मशीनवर (खतविक्रीची नोंद होते ते यंत्र) तो खताचा साठा शिल्लक दिसत असेल तर कृषी विभागाला लेखी कळवा, नाहीतर तपासणीत साठा जुळणार नाही.

विमा कमी का मिळाला? माल १० लाखांचा, विमा ६ लाखांचा, म्हणून नुकसानीच्या ६० टक्केच, ३.६ लाख, त्यातून ५ टक्के वजावट. यात सर्व्हेअरची चूक नाही. ५१ हजारांचा जीएसटी मागून बघा, पण अडून बसू नका: तो धरला की एकूण मालाची किंमतही तितक्याच पटीत वाढते आणि हाती जवळजवळ तेच येतं. डिस्चार्ज व्हाउचरवर (दावा मिटल्याच्या पावतीवर) सही करण्याआधी मात्र ऑगस्टचं बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट काढून बघा. त्यात माल १० लाखांहून कमी असेल तर तुमची दहाची मांडणी कुठून आली हा प्रश्न येईल. बिलं तयार ठेवा.

नूतनीकरण करताना कॅश क्रेडिटच्या (बँकेच्या खेळत्या कर्जाच्या) मर्यादेइतका विमा घेऊ नका. खरिपाआधी, मेअखेरीस गोदाम भरलेलं असताना जेवढा माल असतो, तेवढ्याचा जीएसटीसकट घ्या. भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा या छोट्या व्यवसायांच्या पॉलिसीत विम्याच्या रकमेतली १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, ४० टक्क्यांची नाही.