पन्नाशीत बदललेलं आयुष्य लिहायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा आहे: बँकेतली नोकरी सोडून पन्नाशीत कोपरखैरण्याला शिवणक्लास सुरू केला, त्यावर आत्मकथन लिहायचंय. तर राजीनाम्याच्या दिवसापासून सुरुवात करू का, आणि माझ्यासारख्या साध्या बाईचं वाचणार कोण?

राजीनाम्यापासून करू नका, ताई. त्या दिवशी काय झालं याचा अंदाज वाचणाऱ्याला आधीच असतो. त्याला माहीत नसतो तो मधला काळ. जुनं मनातून उतरलंय आणि नवं अजून हाताला लागलेलं नाही, तेव्हा घर कसं चाललं, कुणाला काय सांगितलं, कुणापासून काय लपवलं? हा काळ लोक ‘मग फार कठीण दिवस आले’ एवढ्यावर उरकतात. माझ्या मते खरं पुस्तक तिथेच असतं.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पाहा. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या वर्षांतली ताटातूट, पुन्हा एकत्र येणं, हळूहळू सुटत गेलेलं सोवळं हे सगळं त्यांनी सावकाश सांगितलंय. म्हणून त्यांचं बदलणं आपल्याला पटतं.

मी स्वतः या वाटेने गेलोय. रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर्सला होतो. तो बंद पडला तेव्हा पंचेचाळिशी उलटली होती. पुढे ठाण्यात एलएलबी केलं, सनद घेतली आणि कोर्टनाक्याला माझ्याहून वयाने लहान असलेल्या सिनियरच्या हाताखाली काम सुरू केलं. हे लिहायला बसलो तेव्हा काळा कोट पहिल्यांदा अंगात घातला तो दिवस पानभरात संपला. कारखाना बंद झाल्यापासून कॉलेजात नाव घालेपर्यंतच्या महिन्यांनी मात्र वही भरली.

त्याला कारण झालं जुनं कालनिर्णय. आमच्याकडे ती टाकून देत नाहीत, माळ्यावर गठ्ठा असतो. चौकोनांत दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या. त्या वर्षीच्या जूनपर्यंत दुधाची कुठेच वेगळी नोंद नाही, म्हणजे नेहमीचं एक लिटर. जुलैच्या एका चौकोनात बायकोच्या बारीक अक्षरात ‘अर्धा’. पुढे वर्ष संपेपर्यंत अर्धाच. याबद्दल ती माझ्याशी चकार शब्द बोलली नव्हती, सकाळचा चहा मला नेहमीसारखाच मिळत होता. त्या ‘अर्धा’वर माझं एक अख्खं प्रकरण उभं राहिलं.

तुमच्याकडेही असा ऐवज असणारच. पासबुकं, शिलाई मशीनची पावती, पहिल्या बायकांच्या मापांची वही (ती तर जपूनच ठेवा). आधी हे सगळं समोर पसरा, मग लिहा. आठवण आपल्या सोयीने बदलते, मापांची वही बदलत नाही. तारीख सापडत नसेल तर सगळ्यांना ठाऊक असलेल्या घटनेशी जोडून बघा: २६ जुलै २००५ चा पाऊस, २०१६ ची नोटाबंदी, २०२० चं लॉकडाऊन. त्याच्या आधीचं की नंतरचं एवढं कळलं तरी पुष्कळ.

वाचणार कोण, याची काळजी मला वाटत नाही. ठाण्यात स्टेशनजवळ मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. एक दिवस काढून तिथे जा आणि आत्मचरित्रं चाळा. घरसंसारातून लिहित्या झालेल्या कितीतरी बायका तिथे भेटतील.

आता वकील म्हणून थोडं. बँकेतल्या साहेबांबद्दल, सासरच्यांबद्दल तुम्ही लिहिणारच, आणि लिहावंही. पण बदनामीच्या फौजदारी कायद्यात, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, मजकूर खरा आहे एवढं म्हणून भागत नाही, तो लोकहितासाठी छापला हेही दाखवावं लागतं. नाव बदललं तरी माणूस ओळखू येत असेल तर तक्रार होऊ शकते. वारलेल्या माणसाबद्दलचा मजकूरही, नातेवाइकांना दुखावण्याच्या हेतूने लिहिलेला असेल तर, या कलमात येतो. म्हणून पहिल्या खर्ड्यात सगळं मोकळेपणाने उतरवा, हात आखडू नका. दुसऱ्या खर्ड्यात प्रत्येक माणसापाशी थांबून बघा: मी पाहिलेलं, ऐकलेलं लिहिलंय, की त्याच्या मनातलं मीच ठरवलंय? पाहिलेलं ठेवा, ठरवलेलं काढा. त्याने मजकूरही सुधारतो.

नवऱ्याला, मुलांना त्यांच्याबद्दलची पानं छापण्याआधी वाचायला द्या. माझ्या बायकोने दुधाचं प्रकरण वाचून समासात पेन्सिलीने दोन गोष्टी लिहिल्या, त्या मला तोवर माहीतच नव्हत्या. तिची परवानगी घेऊन त्या आत घेतल्या. छपाईचं एवढ्यात मनात आणू नका. आयएसबीएन आपल्याकडे सरकारकडून मोफत मिळतो, बाकीचं ओळखीच्या डीटीपीवाल्याकडे होतं. अडलात तर इथेच विचारा, मी नक्की उत्तर देईन.