कार्पेटवर गेली की चेहरा बंद

"घरी दिवसभर बडबड चालू असते, सरावाच्या हॉलमध्ये मैत्रिणींबरोबर खिदळत असते. पण कार्पेटवर पाऊल टाकलं की हिचा चेहरा दगड! मॅडम ओरडतात, 'स्माईल कर'. मीही सांगून थकले. तिला हा खेळ मनापासून आवडतच नाही का?"

ठाण्यात रिदमिक जिम्नॅस्टिक्स (बॉल, रिबन अशी साधनं घेऊन संगीतावर केलं जाणारं) करणाऱ्या १३ वर्षांच्या मुलीच्या आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) स्पर्धेला उतरणाऱ्या मुलींचे पालक थोड्याफार फरकाने हेच विचारतात, आणि कोऱ्या चेहऱ्याचा अर्थ 'मन नाही' असाच लावतात. बहुतेक वेळा तो चुकतो.

तरी दुसरी शक्यता आधी तपासून घ्यावी लागते. सरावातही चेहरा तसाच असतो का? झोप, जेवण, शाळा यांत अलीकडे काही बदललंय का? कंबर किंवा मनगट दुखतंय आणि ती सांगत नाहीये, वजनावरून बोलणी बसतायत, कोचची धास्ती आहे, असं काही आहे का? यातलं एक जरी निघालं तर चेहऱ्याचं काम थांबवून आधी तिकडे बघायचं. इथे तसं काही नव्हतं.

मग बॉलच्या रुटीनचे, म्हणजे संगीतावर बसवलेल्या सलग सादरीकरणाचे, दोन व्हिडिओ मागवले, एक सरावाचा, एक शालेय स्पर्धेचा. ते आवाज बंद करून पाहायचे आणि चेहरा नेमका कुठल्या सेकंदाला मिटतो तेवढंच लिहायचं. आवाज चालू असला की संगीत आपली फसवणूक करतं, नसलेले भाव दिसायला लागतात. स्पर्धेतल्या ९० सेकंदांत पहिली २० सेकंदं ठीक होती. पहिला मोठा थ्रो यायच्या थोडं आधी जबडा आवळला, ओठ मिटले, छाती वर जाऊन तिथेच थांबली. म्हणजे श्वास अडकला. कॅच झाला तरी तो सुटलाच नाही. पुढचा सलग ८ सेकंदांचा डान्स-स्टेप्सचा तुकडा, जिथे बॉल हातातच आहे आणि हवेत बघायची गरज नाही, तोही तिने तसाच आवळलेल्या चेहऱ्याने पार केला.

खरी अडचण तिथे होती. थ्रो हवेत असताना डोळे बॉलवर आणि चेहरा गंभीर असणं स्वाभाविक आहे. गंभीर चेहरा पुढे सांडत जातो तेव्हा सगळं रुटीन कोरं दिसतं. रुटीन अजून अंगवळणी पडलेलं नसेल तर मेंदूचं सगळं लक्ष पुढच्या कॅचमध्ये अडकलेलं असतं. अशा वेळी बाहेरून 'स्माईल!' अशी हाक आली की लक्षाची आणखी एक वाटणी होते. मुलगी दात दाखवते, डोळे मात्र जागच्या जागी असतात, आणि पुढच्या थ्रोला ते हसू दिवा विझल्यासारखं जातं.

आईच्या लक्षात न आलेली आणखी एक गोष्ट होती. चार महिन्यांपूर्वी मुलीच्या दातांना तार बसवली होती. "हसले की चकाकते," एवढंच ती पुटपुटली. या वयात हे कारण फार मोठं असतं. तिला ओठ मिटूनही भाव दाखवता येतात हे कळल्यावर निम्मं ओझं उतरलं. अंबाडा इतका घट्ट असायचा की भुवया ओढल्या जायच्या. तो एक बोट सैल केला.

मुलीकडे स्वतःचा युक्तिवादही तयार होता. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिला २०१७ मध्ये टीव्हीवरच्या नृत्यस्पर्धेत 'हसली नाहीस' असं म्हटलं गेलं, तेव्हा 'हसण्याने सुवर्णपदकं मिळत नाहीत' असं तिने सुनावलं होतं. उत्तर झकास आहे, आणि हसण्यापुरतं खरंही. रिदमिकमध्ये मात्र कलात्मकतेचे पंच वेगळे बसतात, त्यांचे गुण १० पासून सुरू होऊन चुकांप्रमाणे कमी होत जातात, आणि ते हसू मोजत नाहीत. संगीताचा स्वभाव अंगात आणि चेहऱ्यात दिसतो का, हे ते बघतात. हिचं संगीत होतं संथ, उदास व्हायोलिनचं. त्यावर सहा महिने 'हस, हस' चाललं होतं! तिलाच विचारलं, या तुकड्यात काय चाललंय? ती म्हणाली, "कुणीतरी गाडी चुकवलीय आणि आता चालत निघालंय." एवढं पुरेसं होतं. मोठी माणसं अशा वेळी स्वतःची गोष्ट मुलीला देतात, ती तिला लागू पडत नाही.

कामाचा क्रम असा ठरला.

पहिल्या आठवड्यात बॉलला हात नाही. खुर्चीत बसून संगीत लावायचं, फक्त डोळे, मान, हात. दिवसाला तीन वेळा, एवढंच. जबड्यासाठी एकच खूण: ओठ टेकलेले, दाढा सुटलेल्या, जीभ सैल. रुटीनच्या कागदावर पाच ठिकाणी श्वास सोडायची खूण केली: सुरुवातीची पोझ, पहिल्या कॅचनंतर लगेच, डान्स-स्टेप्सच्या तोंडाशी, शेवटच्या थ्रोआधी, शेवटची पोझ. त्यातली कॅचनंतरची खूण सगळ्यात महत्त्वाची. तिथे श्वास सुटला की जबडा आपोआप सुटतो.

नजरेसाठी १३ बाय १३ मीटरच्या कार्पेटवर तीन जागा ठरवल्या: पंचांच्या डोक्याच्या जरा वर, समोरचा लांबचा कोपरा, आणि स्वतःची बोटं. थेट पंचांच्या डोळ्यांत बघायला लावू नये, लहान मुली बिचकतात.

दुसऱ्या आठवड्यात चालत-चालत रुटीन, उड्या न मारता. मग अर्धं रुटीन, मग पूर्ण. सगळ्यात शेवटी दमलेल्या अवस्थेत, म्हणजे एकामागोमाग दोन रुटीनपैकी दुसऱ्यात. ताज्या दमात जमलेला चेहरा दमल्यावर टिकत नाही, म्हणून ही पायरी गाळायची नाही. रविवारी चार-पाच पालकांना प्रेक्षक म्हणून खुर्च्यांवर बसवलं, मोबाईल खिशात.

आरशाचा सराव दोन मिनिटांवर नको. त्यापुढे मुलगी स्वतःला बघायला लागते आणि चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा होतो. आईने हौसेने भरतनाट्यमच्या ताईंकडेही पाठवलं होतं. भुवया आणि नजर फिरवण्याचा फायदा झाला. पण नजर हाताबरोबर नेण्याची सवय थ्रोच्या वेळी आडवी आली, कारण तिथे बॉलवरून डोळे काढता येत नाहीत. म्हणून अभिनय फक्त डान्स-स्टेप्समध्ये.

बॉल पडल्यावरचा चेहरा वेगळा शिकवावा लागतो. बॉल जागेवरच उचलला तर ०.५० गुण जातात, एक-दोन पावलं टाकून ०.७०, तीन किंवा जास्त पावलांना १.००. गेलेले गुण परत येत नाहीत. जीभ चावून कोचकडे बघणाऱ्या मुलीची पुढची २० सेकंदंही मात्र जातात. म्हणून प्रत्येक सरावात एकदा मुद्दाम बॉल टाकायचा: उचल, श्वास सोड, संगीताच्या पुढच्या ठोक्याला आत शिर.

कोच मॅडमना एकच विनंती केली: 'स्माईल'ऐवजी 'श्वास', तेही कॅचनंतर एकदाच. त्यांनी ती मानली, आणि उदास संगीताबद्दल आपणहून हसल्या. आईला जड गेलं ते स्कूटरवरचं बोलणं सोडणं. परतताना 'आज हसलीस का?' ऐवजी 'आज कुठला तुकडा मस्त गेला?' असं विचारायचं ठरलं. पहिले काही दिवस ती काहीच न विचारता गाडी चालवायची. तेही चाललं.

पुढच्या जिल्हा स्पर्धेत डान्स-स्टेप्समध्ये चेहरा उघडला, शेवटची पोझही तिने गुणफलकाकडे न वळता धरून ठेवली. मोठ्या थ्रोला जबडा अजून आवळतोच. तो थ्रो सरावात दहापैकी आठ-नऊ वेळा हातात येईपर्यंत तिथे भावांचा आग्रह धरायचा नाही, असं मॅडम आणि आई दोघींशी बोलून ठरवलं.

आता आईचा पुढचा प्रश्न रिबनचा, म्हणजे काठीला जोडलेल्या लांब फितीच्या रुटीनचा आहे. तिथे खुर्चीपासून पुन्हा सुरुवात. रिबनची गाठ पडेल या भीतीने मुली सतत काठीच्या टोकाकडे बघत राहतात, त्यामुळे श्वासाच्या खुणा वेगळ्या जागी पडतील.